हक्काचं छप्पर

होड्यांच्या क्लबच्या सेक्रेटरीने जागेसाठी कचेरीचे इतके उंबरठे झिजवले होते, की तिथला शिपाई त्याला लांबूनच बघून "साहेब नाहीत" म्हणायचा. होड्या पुलाजवळ उघड्यावर पडलेल्या आणि उन्हापावसाने त्यांचं लाकूड तडकत चाललेलं. साहेब सापडले की तो तेच गाऱ्हाणं मांडायचा. साहेब म्हणायचे, "बघू."

आज नव्या शेडचं उद्घाटन होतं. साहेबांनी फीत कापून किल्ली त्याच्या हातात दिली. क्लबच्या पोरापोरींनी एकेक होडी खांद्यावरून आत आणून रॅकवर चढवली. तो बाजूला उभा राहून नुसता "सावकाश, सावकाश" म्हणत राहिला.

"काय सेक्रेटरी, झालं ना मनासारखं? आता तरी हसा की!"

"हो साहेब," तो म्हणाला आणि हसलाही.

सगळे चहाला पांगल्यावर त्याची बायको आत आली. तिने भिंतीवरून हात फिरवला.

"पक्कं बांधलंय हो."

"हो. पाण्याचा थेंब आत यायचा नाही."

दोघं बाहेर आली. तो कुलूप लावेपर्यंत ती दारावरची पाटी बघत थांबली.

"नाव नीट लिहिलंय," ती म्हणाली.

"हो."

नाव त्यांच्या लेकीचं होतं. तडकलेली होडी भर पात्रात दुभंगली, तेव्हा ती एकटीच वल्हवत होती. तिचे दिवस झाल्यावर साहेबांनी स्वतःहून फोन करून जागा दिली होती.