जितेपणीचा विलाप

दुसरी ओळ कानावर पडली आणि ओक्कुलीला ती ओळखू आली.

शेजारी बसलेली थोरली बहीण नातोई मात्र खुशीत होती. तिनं कोपरानं ढोसलं. "अगं, तुझंच आहे हे. बघ, ही एस्टोनियाची पोरं आपल्या भाषेत कशी घडाघडा गातायत."

एस्टोनियातल्या तार्तू शहराच्या त्या सभागृहात चाळीस जणांचा गायकवृंद उभा होता. दोघी बहिणींना सीमेपलीकडच्या, रशियातल्या गावाहून गाडी पाठवून आणलं होतं, पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांच्या गावात इझोर भाषा बोलणाऱ्या या शेवटच्या दोघी, असं निवेदिकेनं सांगताच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शेवटचं असण्याच्या टाळ्या कसल्या, ते नातोईला कळलं नाही, पण तिनं आपला हात हलवला होता. मग 'ओक्कुलीबाईंनी आपल्या आईसाठी केलेला विलाप' असं निवेदिका म्हणाली, तेव्हा ओक्कुली बुचकळ्यात पडली. आईसाठी ती रडली तेव्हा तिथं कुठलं टेपचं यंत्र नव्हतं. आता तिला उलगडा झाला.

आई गेली तेव्हा नातोई लेनिनग्राडला होती. नवरा कारखान्यात मोठा हुद्देदार. गावाकडची माणसं आणि गावाकडची भाषा त्याला खपत नसे. निरोप पोचूनही ती आली नाही. शवपेटीशी दोघी लेकींनी मिळून विलाप करायचा असतो. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं झेलायची. ओक्कुलीनं एकटीनंच उचलली आणि एकटीनंच झेलली. ते शल्य तिच्या मनात रुतून बसलं.

त्याच हिवाळ्यात टेपचं यंत्र घेऊन एक संशोधक गावात आला. माणूस भला, न सांगता लाकडं फोडून द्यायचा. त्याला विलाप हवा होता.

"कुणी मेल्याशिवाय रडत नसतात, बाबा," ओक्कुली म्हणाली.

"मग आईसाठी रडा."

"तिच्यासाठी रडून झालंय. पुन्हा रडले तर बिचारी उठून बसेल."

तो काही केल्या हटेना. शेवटी ओक्कुली बाकावर बसली, रुमाल डोळ्यांवर ओढला आणि रडली. नातोईसाठी. धडधाकट, जिवंत बहिणीसाठी. जित्या माणसासाठी विलाप करणं, याहून वाईट शाप त्या लोकांत नाही. विलापात मेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, नातंही जुन्या आडवळणाच्या शब्दांत सांगायचं, त्यामुळे त्या भल्या माणसाला पत्ताही लागला नाही. "आईचंच आहे," तिनं सांगितलं, आणि त्यानं ते खरं मानलं.

मग वर्षं गेली. गावातली ती भाषा बोलणारी माणसं एकेक करून दफनभूमीत गेली. ओक्कुली मांजराशी बोलायची, चुलीशी बोलायची. आणि एक दिवस, नवरा वारल्यावर, नातोई सुटकेस घेऊन दारात उभी राहिली. माफी कुणीच मागितली नाही. संध्याकाळी बटाटे कुणी करपवले यावरून दोघी आपल्या भाषेत कडाकडा भांडल्या, आणि ओक्कुलीच्या तोंडाला कितीतरी वर्षांनी चव आली. तो विलाप तर ती पार विसरून गेली होती.

मंचावर बायकांचे आवाज वर चढले.

"एका कुशीतली माझी थोरली पाखरी, मनगटावर समोवाराचा चटका ल्यालेली, कुणी गं निजवलं तुला पांढऱ्या फळ्यांत?"

मांडीवर ताल धरलेला नातोईचा हात थांबला. तिनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. लहानपणी चहाच्या उकळत्या पाण्याचा समोवार सांडला होता, त्याचा डाग अजून होता. तिनं बाही खाली ओढली.

टेपमध्ये एका जागी ओक्कुलीचा आवाज संतापानं अडकला होता. त्या टेपवरून हे गाणं बांधणाऱ्या संगीतकारानं तो अडथळाही जपला होता. चाळीस जण तिथं एकदम थांबले, आणि मागं कुणीतरी हुंदका दिला.

विलाप संपला. रडून झालं की सगळ्यांनी गप्प राहायचं, पेटीकडे कान लावायचा, अशी रीत. आतून उत्तर आलं नाही म्हणजे माणूस खरंच गेलं. मग खिळे ठोकायचे. ती शांतताही टेपवर होती. गायकवृंदानं तीसुद्धा सोडली नाही.

ओक्कुलीनं बहिणीचा हात घट्ट धरला. "ताई," ती त्यांच्या भाषेत कुजबुजली, "काहीतरी बोल. शिवी दे हवं तर, पण बोल गं."

नातोईनं तिच्याकडे पाहिलं. रीत तिलाही ठाऊक होती. तिचे ओठ हलले, आणि मग तिनं ते मिटून घेतले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक डोळे पुसत उभे राहिले. गायकवृंदाचा संचालक तार्वी फुलं घेऊन खाली आला आणि मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाला, "तुमच्या आईला बरं वाटलं असेल, नाही?"

"फारच सुंदर," नातोई रशियनमध्ये म्हणाली आणि फुलं घेतली.

घर तिनं सोडलं नाही. जाणार कुठं? बटाटे सोलते, चूल पेटवते, दार लाव म्हणते, मीठ दे म्हणते, सगळं रशियनमध्ये. ओक्कुलीनं आपल्या भाषेत काही विचारलं, विनवलं, तरी मान वळवत नाही. मेलेल्या माणसानं उत्तर द्यायचं नसतं.

ती भाषा बोलायला आता ओक्कुलीजवळ कुणी नाही. गायला चाळीस जण आहेत.