रजेचं कारण

निझवाच्या ऑफिसात दयानंदने आठवड्याची रजा मागितली.

“घरी लग्न? की कुणी आजारी?” अर्बाबने, त्याच्या ओमानी मालकाने, विचारलं.

“नाही, अर्बाब. आमच्या गावची रेल्वे रविवारी बंद होतेय.”

अर्बाबने आगगाडी कधी पाहिलीच नव्हती. दयानंद सांगत सुटला. वडील पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. चारच्या पॅसेंजरला अख्खं गाव फलाटावर जमायचं, कुणी येणार नसलं तरी. हल्ली गाडी रिकामीच धावते, फलाटावर शेळ्या बसतात.

अर्बाब खिडकीबाहेर बघू लागला. उगीच बोललो, असं वाटून दयानंद ओशाळून उठला.

“आमच्या गावचा फलज, पाण्याचा पाट, आटला तेव्हा मी कैरोत शिकत होतो,” अर्बाब म्हणाला. “परीक्षा होती, म्हणून गेलो नाही. तिचा विषयसुद्धा आता आठवत नाही. यल्ला, तू नीघ.”