स्पीकरचे स्टँड
मद्रासच्या जुन्या थिएटरातून आणलेले कपाटाएवढे स्पीकर कशावर ठेवायचे, हे ठरवायला एकोजीरावांना चार महिने लागले. कानाच्या रेषेत उंची, भिंतीपासून दोन हात अंतर मोजून त्यांनी सागवानी स्टँड करवले. स्टँड घरी आले आणि ते अड्यारला वायर आणायला गेले. परतले तो बायकोनं स्टँडवर फळी टाकून नवरात्रातल्या कोलूच्या बाहुल्या मांडलेल्या. “कोलूच्या पायऱ्या आठच भरल्या, विषम लागतात. ही नववी,” ती म्हणाली. “माझे स्पीकर जमिनीवर आणि स्टँडवर हा मातीचा चेट्टियार वाणी?” “मांडलेला कोलू दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत.” एकोजीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दसऱ्याला एक बाहुली आडवी निजवली की कोलू संपतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी भरदुपारी चेट्टियार आडवा केला. “संपला कोलू. उचल.” “जेवून पडलाय तो,” बायको म्हणाली. “तुम्हीही पडा जरा. चारला दोघांनाही उठवते.”