पिंजऱ्याचं दार पडलं

चाकणला आमच्या साइटवर गेल्या आठवड्यात बिबट्यानं गवंडी ज्योतीरामचं दोन वर्षांचं पोर ताडपत्रीच्या खोपीतून उचलून नेलं. मग वनखात्यानं पिंजरा लावला, आत शेळी बांधली.

आज सकाळी सुपरवायझर ओरडला, "दार पडलंय रे पिंजऱ्याचं!"

सगळे पळाले. खोटं कशाला बोलू, मी पण व्हिडिओ चालू करूनच पळालो.

पिंजऱ्यात ज्योतीरामची बायको उरलेल्या पोरीला छातीशी धरून झोपली होती. शेळी त्यांच्या खोपीत बांधलेली, तिच्याजवळ ज्योतीराम.

सुपरवायझर खेकसला, "येडा झाला का रे ज्योत्या? बिबट्यासाठी आणलाय तो पिंजरा!"

शेळीचं दावं सोडत ज्योतीराम म्हणाला,


"साहेब, अख्ख्या साइटवर दार लागतंय अशी खोली ही एकच हाय."