पिवळी फीत

दिवसभर लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करून पायांचे तुकडे पडले होते. “यंदा मेळाव्याला नको जाऊया,” मी म्हटलं. नवरा म्हणाला, “बोलावलंय, तर तोंड दाखवून येऊ.” किनाऱ्यावरच्या मेळाव्यात गावात नव्याने आलेल्यांना पहिल्या रांगेत बसवतात आणि छातीवर पिवळी फीत लावतात. आम्हाला अजूनही दरवर्षी लावतात. साधी खुर्ची उचलली तरी कुणीतरी धावत येतं, “राहू द्या, तुम्ही पाहुणे!” त्या कौतुकाचा वीट आला होता. भाषणं सुरू असतानाच समुद्रावरून सोसाट्याचा वारा सुटला आणि मांडव उडू लागला. मासळीवाली माझ्यावर खेकसली, “ए इस्त्रीवाले, बघत काय बसलीस? धर तो दोर!” मी धरला. मांडव वाचला, तळहात सोलले. परतताना नवऱ्याने विचारलं, “ओरडली ना ती तुझ्यावर?” फीत काढून तळहाताला गुंडाळत मी म्हटलं, “हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.”