नळ की कारंजं?

शहराच्या ऑनलाइन नकाशावर सार्वजनिक सोयी नोंदवायचा तिला भारी नाद. बागेतल्या दगडी खांबावरचं बटण दाबलं की प्यायला पाण्याची धार वर उडायची, म्हणून तिनं तिथं ‘पिण्याचं कारंजं’ अशी नोंद केली. पण ‘पाणीदार’ नावानं वावरणारं कुणीतरी रोज ती खोडून ‘बाटली भरायचा नळ’ असं करून ठेवायचं.

आठवडाभर ही खोडाखोडी चालली. नोंदीखाली तिनं ‘आधी चष्मा पुसा’ असा टोमणाही लिहून ठेवला. शेवटी ती इरेला पेटली आणि फोटोचा पुरावा काढायला सकाळीच बागेत गेली. एका हातात फोन धरून तिनं बटण असं काही दाबलं, की धार खांबावरून थेट पलीकडे गेली.

“अगं आई गं! कोण आहे रे तिकडे?”

खांबाच्या मागच्या बाजूला खरंच एक नळ होता. त्याचा फोटो घ्यायला वाकलेली बाई निथळत उभी राहिली. दोघींनी एकमेकींच्या हातातले फोन पाहिले, आणि दोघींनाही हसू आवरेना.

 

सासूबाई म्हणाल्या, “घरात ‘अहो आई’, आणि तिथं मला ‘आधी चष्मा पुसा’ म्हणून लिहितेस होय गं!”