जांभळाऐवजी अननस

कतरीनने बरणीवरचं फडकं सोडलं. नवऱ्यामागे पहिल्यांदाच तिने स्वतः जांभळाची वाइन घातली होती, तीही लेकीच्या लग्नासाठी. त्या वाइनवर हिरवी बुरशी चढली होती.

“वरची बुरशी काढून टाका, वहिनी. कोणाला कळणार आहे?” दीर म्हणाला.

“पिणाऱ्याच्या पोटाला कळेल, भावजी.”

तिने सगळी बरणी केळीच्या बुंध्याशी ओतली. जांभळं संपली होती, पण लग्नाला अजून अवकाश होता. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, वसईच्या बाजारातून पिकलेले अननस आणून तिने नव्याने वाइन घातली. वायूला वाट राहावी म्हणून झाकण सैल ठेवलं.

लग्नात पेल्यांतली सोनेरी वाइन पाहून दीर कुरकुरला, “आपल्याकडे जांभळाचीच असते.”

“यंदा अननसाची,” कतरीन म्हणाली. लेकीच्या हाती पेला देण्याआधी पहिला घोट तिने स्वतः घेतला.